परीक्षेतला रविवार

लग्न ठरलं तेव्हाच धनराजचं जर्मनीला जायचं नक्की झालेलं होतं. नाशिकला सातपूरच्या ज्या कारखान्यात तो टूलरूमला होता, त्या कारखान्याचा एक जर्मन भागीदार होता आणि त्याला तीन वर्षांच्या कराराने इथली माणसं हवी होती. घोटीला मीनाच्या वडिलांच्या भाताच्या गिरणीत बसून बोलणी झाली, त्यात हे उघड सांगितलेलं होतं. मुलगा आधी जाईल, खोली बघेल आणि दिवाळीपर्यंत बायकोला नेईल. मीनाच्या आईने साखरपुड्याआधीच बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं की आमची मीना परदेशी चालली.

धनराज गेला २००७च्या उन्हाळ्यात. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते आणि त्यातले निम्मे पासपोर्ट-व्हिसाच्या धावपळीत गेले होते. मीना सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात सासूबरोबर राहिली. सासू, भागीबाई, सायखेड्याच्या. नवरा वारल्यावर त्या धाकट्याकडे, धनराजकडे, राहायला आल्या होत्या, पण जीव सगळा गावात. कांद्याची लागण, द्राक्षाची छाटणी, कुणाचं बाळंतपण, काहीही निघालं की त्या पिशवी भरून थोरल्याकडे जायच्या आणि पंधरा-पंधरा दिवस परतायच्या नाहीत. मग मीना एकटी. माहेरी घर भरलेलं असायचं, गिरणी दिवसभर घरघरायची, बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. इथे दुपारी शेजारच्यांच्या टीव्हीवरची मालिका भिंतीतून ऐकू यायची. कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या त्या मालिकेतली माणसं मीना आवाजावरून ओळखायला लागली होती.

ऑगस्ट संपता संपता धनराजने फोनवर सांगितलं की तिकडे नवा कायदा झालाय. बायकोला तिकडे बोलवायचं तर तिने आधी इथे जर्मन भाषेची पहिली परीक्षा पास व्हायला हवी. त्याशिवाय व्हिसा नाही.

तुम्हाला द्यावी लागली होती का, असं तिने विचारलं. करारावर येणाऱ्यांना लागत नाही, तो म्हणाला.

"मग तुम्हाला येते का जर्मन?"

"चालवतो," धनराज म्हणाला.

गंगापूर रोडला सुधा मॅडम आपल्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत जर्मनचे वर्ग घ्यायच्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या, पांढऱ्या केसांचा बॉब केलेला. वर्गात मीनाशिवाय सगळी इंजिनिअर मुलं होती, पुढे शिकायला जाणारी. मॅडम जर्मन शिकवायच्या इंग्रजीतून. मीनाचं शिक्षण घोटीला, मराठीत, बारावी आर्ट्‌सपर्यंत. पहिले काही आठवडे तिला धड जर्मन कळेना आणि ते समजावून सांगणारं इंग्रजीही कळेना. ती फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन चित्रासारखं बघत बसायची.

एक दिवस वर्ग सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवलं. तुला काय अडतंय, असं त्यांनी सरळ मराठीत विचारलं. मीनाला रडू आलं. पण तिने ते गिळलं आणि सांगितलं की प्रत्येक वस्तूच्या आधी कधी देर, कधी दी, कधी दास का लावायचं, हेच तिला समजत नाही.

मॅडमनी टेबलावरच्या वस्तू एकेक करून तिच्यापुढे सरकवल्या. हा चमचा, ही वाटी, हे भांडं. "हा, ही, हे कुणी शिकवलं तुला?"

कुणीच नाही, मीना म्हणाली.

"त्यांचं देर म्हणजे आपला 'तो', दी म्हणजे 'ती' आणि दास म्हणजे 'ते'. या इंग्रजी शाळेतल्या मुलांना त्याचंच नवल वाटतं. तुला वाटायचं कारण नाही. फक्त त्यांचा 'तो' आपल्याकडे 'तो'च असेल असं समजायचं नाही. त्यांचा सूर्य बाई आहे."

त्या दिवसापासून मॅडम तिला वर्गानंतर थांबवून घेऊ लागल्या. पुढे विभक्ती आली तेव्हा मीना पुन्हा अडखळली, कारण देर मध्येच देन व्हायचा, मध्येच देम व्हायचा. मॅडम म्हणाल्या, आपण 'मुलगाला' म्हणतो का? 'मुलाला' म्हणतो. प्रत्यय लागला की आपला शब्द वाकतो. त्यांच्याकडे शब्द ताठ उभा राहतो आणि त्याच्या दारातला शिपाई वाकतो. मीनाला हे इतकं पटलं की बसमधून घरी जाताना ती दुकानांच्या पाट्या वाचत मनातल्या मनात सगळे शब्द वाकवत गेली.

तिला ते आवडायला लागलं होतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतंच कोण? भाजी चिरताना ती क्रियापदं म्हणायची. भागीबाई घरात असल्या की ऐकत बसायच्या, आणि एकदा म्हणाल्या, "मंत्रावानी म्हणते लय. देव पावंल बरं त्यांचा."

पण पुढे लगेच त्यांनी मान फिरवली. "पास झाली तर जाशील तू."

त्यांना ती जायला नको होती, हे तेव्हा मीनाच्या ध्यानात आलं. थोरल्या सुनेचं आणि त्यांचं फारसं जमत नव्हतं. चार दिवस पाहुण्यासारखं जाणं वेगळं आणि तिथेच राहणं वेगळं.

धनराजचा फोन रविवारी यायचा. दुपारचं जेवण आटोपून मीना मोबाइल खिडकीत ठेवायची, कारण तिथेच रेंज यायची, आणि स्वतः खिडकीपाशी बसायची. तीन वाजायचे, चार वाजायचे. तो कधी चारला करायचा, कधी सहाला. मागे कसले तरी भोंगे, घोषणा, माणसांचा गलबला असायचा. तो कुठेतरी फिरायला निघालाय, असं तिला वाटायचं. तब्येत कशी, आई कशी, पाऊस आहे का, हे झालं की बोलणं संपायचं. मग तो म्हणायचा, "चल, गाडी आली." सुरुवातीला ती शिकलेलं एखादं वाक्य त्याला म्हणून दाखवायची. तो "अरे वा" म्हणायचा आणि मराठीत उत्तर द्यायचा. नंतर तिने ते सोडून दिलं.

पहिल्यांदा ती परीक्षेला बसली २००८च्या जूनमध्ये. परीक्षा पुण्याला होती. आदल्या दिवशी ती एस.टी.ने गेली आणि मावसबहिणीकडे उतरली. लेखी ठीक गेलं. ऐकण्याच्या परीक्षेत रेल्वे स्टेशनवरच्या घोषणा होत्या. त्या इतक्या भरभर निघून गेल्या की प्लॅटफॉर्मचा आकडा तिच्या हातून निसटला. शेवटी बोलणं होतं. चार उमेदवार गोलात बसलेले, समोर परीक्षक बाई आणि त्यांच्या शेजारी गुण लिहिणारा माणूस. चिठ्ठ्या उचलायच्या, चिठ्ठीवरच्या शब्दावरून शेजाऱ्याला प्रश्न विचारायचा, शेजाऱ्याने उत्तर द्यायचं. मीनाच्या शेजारच्या मुलाला 'रविवार' आला. रविवारी तुम्ही काय करता, असं त्याने तिला विचारलं.

प्रश्न अगदी सोपा होता. झोपते, वाचते, स्वयंपाक करते, काहीही चाललं असतं. पण रविवारी ती काय करते हे मीनाला नेमकं माहीत होतं आणि तिच्या तोंडून तेच निघालं. "इश वार्टे," ती म्हणाली. मी वाट बघते. पुढे कुणाची, कशाची, हे सांगायला हवं होतं. पण 'ची'साठी त्या क्रियापदाला कुठला शब्द लागतो, हे ती शिकलेली नव्हती. ती थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. परीक्षक बाईंनी मदत म्हणून हळूच विचारलं, बसची का? मीनाने मान हलवून हो म्हटलं, आणि त्यानंतर तिला काहीच आठवेना. तिने स्वतःच्या नावाचं स्पेलिंगही चुकवलं.

निकाल लागला तेव्हा थोड्याच गुणांनी ती नापास झाली होती. भागीबाईंनी त्या दिवशी तिच्या आवडीची डाळबट्टी केली, वर तुपाची धार धरली, आणि जेवताना तिच्याकडे बघायचं टाळलं. धनराजला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला की असू दे, घाई काय आहे. समजूत घालायलाच म्हणाला असेल. पण त्याचा आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला, आणि तो फोन संपल्यावर मीना बराच वेळ खिडकीतून उठली नाही.

सुधा मॅडम मात्र रागावल्या. परीक्षेत नक्की काय झालं, ते त्यांनी तिच्याकडून शब्दन्‌शब्द काढून घेतलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वाट बघण्याला 'आउफ' लागतं, आणि पुढे द्वितीया. ते तुला पुढच्या पातळीवर येईल. पण तुझी चूक ती नाही."

"मग कुठली?"

"तू खरं सांगायला गेलीस. परीक्षेत खरं कुणी विचारत नाही, मीना. तुला येतात त्या वाक्यांचं घर बांधायचं आणि त्यात राहायचं. मी इतकी वर्षं मुलांना शिकवतेय की माझं कुटुंब मोठं आहे, आम्ही सगळे बागेत जेवतो. कुणी मला विचारलं नाही, की बाई, ही बाग कुठाय."

मॅडम हसल्या. मीनाही हसली, पण तिचं लक्ष त्या खोलीतल्या एकाच खुर्चीपुढे मांडलेल्या ताटाकडे गेलं.

मग मीनाने घर बांधायला घेतलं. पावसाळाभर, दिवाळीभर तिने वाक्यं जमवली. शनिवारी आम्ही बसने बाजारात जातो. माझा नवरा टोमॅटो घेतो, मी मासे घेते. रविवारी तो स्वयंपाक करतो. तो कॉफी पितो, मी चहा पिते. दुपारी आम्ही नदीकाठी फिरतो. आमच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. टेबल मोठं आहे. प्रत्येक वाक्यातला शिपाई जिथे वाकायला हवा तिथे वाकवला. मॅडमनी तिला कॅसेटवरच्या घोषणा ऐकवल्या, इतक्या वेळा की तिला झोपेत प्लॅटफॉर्मचे आकडे ऐकू येऊ लागले.

२००९च्या फेब्रुवारीत ती पुन्हा पुण्याला गेली. या वेळी तिच्या वाट्याला कुटुंबाबद्दलचा प्रश्न आला. मीनाने सगळं घर उघडून दाखवलं. बाजार, टोमॅटो, कॉफी, नदी. परीक्षक बाई शेवटी हसून काहीतरी म्हणाल्या. त्याचा अर्थ 'फार छान' असा होता, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते फक्त व्याकरणाबद्दल वाटलं नाही. बाहेर पडून ती शिवाजीनगरच्या स्टँडवर नाशिकच्या गाडीसाठी बसली. पेपर चांगला गेल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिला कुठून तरी निघून आल्यासारखं वाटत होतं. दोन खिडक्यांची ती खोली आता कुणाच्या उपयोगाची नव्हती.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. रविवारी धनराजला सांगितलं तेव्हा पलीकडे नुसता गलबला ऐकू येत राहिला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. चांगलं झालं." मग तो म्हणाला, "मीना, इकडे काम राहिलेलं नाही."

मंदी आली होती. डिसेंबरपासून कारखाना आठवड्यातले तीनच दिवस चालत होता आणि बाहेरून आलेल्या माणसांना परत पाठवायचं ठरलं होतं. त्याला हे जानेवारीतच कळलं होतं. तुझी परीक्षा होऊ दे, म्हणून बोललो नाही, असं त्याने सांगितलं. मीनाने विचारलं, कधी येणार? एप्रिलमध्ये, तो म्हणाला.

धनराज आला तो वाळलेला होता. कपडे त्याच्या अंगावर टांगल्यासारखे दिसत होते. पहाटे उठून तो पलंगाच्या कडेला बसून राहायचा. घरात बोलायचा हळू आणि जेवताना भांड्यांचा आवाज होऊ द्यायचा नाही. मीनाला त्याच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. ती चार महिने ओळखत होती तो माणूस हसरा होता. भागीबाई मात्र खूश होत्या. लेक परत आला, सूनही कुठे गेली नाही.

त्यांनी सत्यनारायण घातला आणि सायखेड्याहून माणसं बोलावली. पूजा झाल्यावर पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत चहाला बसली होती. भागीबाईंचे भाऊ चिमाजी मामा म्हणाले, भाच्या, जर्मन बोलून दाखव की जरा. धनराज नको नको म्हणत होता. मामांनी सोडलं नाही.

तेव्हा तो म्हणाला, "इश फारे मिट दी बुस." मी बसने जातो.

मीना कप गोळा करत होती. तिने वर बघितलंही नाही. दीड वर्षाची सवय होती, जीभ आपोआप हलली. "मिट देम," ती म्हणाली.

मग मामा मोठ्याने हसले. "अरे, जर्मनीला गेलं कोण होतं? तू का ती?" सगळेच हसले. धनराजही हसला, पण त्याने हातातला कप तिच्या ताटलीत ठेवला तेव्हा तो कलंडला आणि उरलेला चहा तिच्या हातावर सांडला. त्याने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया काढायला गेली, तर तो तिथे कठड्याला टेकून उभा होता. माझं चुकलं, असं ती म्हणाली. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.

धनराजने मान हलवली. "तुझं बरोबरच होतं. मला माहीतच नव्हतं तसं म्हणतात ते." तो कुरडयांच्या चादरीचं एक टोक धरायला वाकला. "दोन वर्षं मी तेच म्हणत होतो, मीना. मुकादमाला, सोबतच्यांना, बसवाल्याला. कुणी एकदाही सांगितलं नाही की असं नसतं."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून असेल."

"नाही गं. सांगायला थांबावं लागतं ना माणसाजवळ. ते कामापुरतं बोलायचे आणि जायचे."

मग तो बोलत राहिला. रविवारी तिथे सगळी दुकानं बंद असतात, असं त्याने सांगितलं. रस्त्यावर कुणी नसतं. खोलीत बसवायचं नाही, म्हणून तो स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचा. तिथे निदान माणसं यायची-जायची. तिथूनच तो फोन करायचा.

"पण गाडी आली म्हणायचात ना तुम्ही?"

"गाडी यायचीच. मी चढत नव्हतो."

मीना चादर हातात धरून उभी राहिली. इतके रविवार ती खिडकीत बसून त्याच्या फिरण्याचा थोडा हेवा करत होती. परीक्षेत आपण काय बोललो ते त्याला सांगावं, असं तिला वाटलं, आणि तिने सांगितलं. बाजार, टोमॅटो, नदी, सगळं. ऐकून झाल्यावर धनराज म्हणाला, "मला स्वयंपाक कुठे येतो?" ती हसली नाही, तोही हसला नाही. त्यांनी चादर घडी करून खाली नेली. त्यानंतर दोघांत भांडण नव्हतं, पण घरात दोन माणसं वेगवेगळ्या गावांहून येऊन उतरल्यासारखी वावरत राहिली.

जुन्या कारखान्याने त्याला परत घेतलं नाही. चाकणला एका लहान कारखान्यात त्याला काम मिळालं आणि पावसाळ्यात तो तिकडे गेला, पंधरा दिवसांनी शनिवारी यायचा. मीना सुधा मॅडमकडे पुढच्या पातळीचा अभ्यास करत राहिली. कशासाठी, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. निफाडची, सिन्नरची अशा दोघीतिघी नुकतंच लग्न झालेल्या मुली मॅडमकडे येऊ लागल्या होत्या, व्हिसासाठीच. त्यांना मराठीतून समजावायला मॅडम मीनाला बसवायच्या. त्या पास व्हायच्या आणि जायच्या. गेल्यावर एखादा फोन यायचा, मग नाही.

दुसऱ्या वर्षी भागीबाईंनी स्वतःच विषय काढला. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि थोरल्याने त्यांना कायमचं सायखेड्याला बोलावलं होतं. त्या मीनाला म्हणाल्या, "तू जाय त्याच्याकडं. एकदा मी मनातून अडवलं तुला, आता नाय अडवायची." मीनाने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

मॅडमचा निरोप घ्यायला ती गेली तेव्हा त्यांनी विचारलं, कुठे निघालीस? चाकणला, मीना म्हणाली. मॅडमना हसू आलं. त्यांचे विद्यार्थी म्युनिकला, बर्लिनला गेले होते. चाकणला जाणारी ही पहिलीच.

दारापर्यंत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "फोन कर. पण जर्मनमध्ये बोलायचं. मी दिवसभर शिकवते, पण माझ्याशी कुणी बोलत नाही."

चाकणची खोली एका चाळवजा इमारतीत होती, एका खिडकीची. धनराज पाळीला गेला की मीना पुन्हा एकटीच. पण गुरुवारी संध्याकाळी ती मॅडमना फोन करायची आणि अडखळत का होईना, बोलायची. एका गुरुवारी धनराज लवकर आला. ती फोनवर होती. तो आत न जाता उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. तिने फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, काय म्हणत होत्या मॅडम?

"त्यांच्याकडे काहीतरी मोडलंय. पाणी वाहतंय. काय मोडलंय तेच कळलं नाही, एक शब्द अडला." तिने तो शब्द जमेल तसा म्हणून दाखवला. वासर-हान.

"नळ," धनराज लगेच म्हणाला. "हान म्हणजे नळ. वासर म्हणजे पाणी. कारखान्यात हवेचा, तेलाचा, सगळ्यांचा हानच. कोंबड्यालाही हानच म्हणतात."

"कोंबड्याला?"

"हो. मला एकाने हात पसरून, आरवून दाखवलं होतं." त्याने उंबऱ्यात बसूनच दोन्ही कोपर जरा हलवून दाखवले आणि मग ओशाळून थांबला.

मीनाने चहाचं आधण ठेवलं. हान देर की दी, असं तिने तिकडूनच विचारलं.

धनराजने थोडा विचार केला. "ते नाही माहीत मला. पुढच्या गुरुवारी विचार त्यांना." बूट बाजूला ठेवून तो आत आला आणि म्हणाला, "विचारशील तेव्हा मला सांग. मी तेव्हा घरी असेन."